बोअरच्या झाकणाची प्लेट: कॅडमध्ये चौकोन, वर्तुळ, कंस आणि षटकोन मापात काढणं

ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन काढायला कुणालाही दोन मिनिटं पुरतात. तो मापात आहे का, बंद आहे का, एकावर एक दोनदा तर पडलेला नाही ना, हे मात्र स्क्रीनकडे बघून कळत नाही. वाळूजला किंवा शेंद्र्याला लेझर कटिंगवाल्याकडे फाइल गेली की कळतं, आणि तोवर पत्रा कापून झालेला असतो. म्हणून इथे आकार कसा काढायचा याइतकंच तो कसा तपासायचा यावरही लिहिलं आहे.

सरावाला बोअरच्या तोंडावर बसणारी प्लेट घेऊ. मराठवाड्यात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही, आणि एवढ्याशा प्लेटमध्ये जवळजवळ सगळे मूळ आकार येऊन जातात. मापं अशी: २४० × २४० मिमी चौरस, जाडी १० मिमी, चारही कोपरे १२ मिमी त्रिज्येने गोल. मधोमध ६२ मिमी व्यासाचं भोक. दोन इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो, तो त्यातून जातो. एम१६ बोल्टसाठी १८ मिमीची चार भोकं, प्रत्येकाचं केंद्र जवळच्या दोन्ही कडांपासून ३० मिमी आत. वरच्या अंगाला केबलसाठी ३० × १२ मिमीचा दोन्ही टोकांना गोल असलेला स्लॉट. प्लेट खरंच करून घ्यायची असेल तर आधी आपल्या केसिंगचं (बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या पाइपचं) माप घ्या आणि आकडे बदला. पद्धत तीच राहते.

आधी कीबोर्ड, टेम्प्लेट आणि स्नॅप

खाली कमांडचे उच्चार आणि अंक देवनागरीत दिलेत, पण टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर हवा. व्हॉट्सअॅपवर मराठी लिहून कीबोर्ड तसाच राहिला असेल तर कमांडच्या जागी भलतंच अक्षर उमटतं, आणि ‘अननोन कमांड’ असं उत्तर येतं. विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. ऑटोकॅड नसेल तर लिबरकॅड फुकट मिळतं आणि साध्या सपाट ड्रॉइंगला पुरून उरतं. त्यात काही कमांडची नावं वेगळी आहेत, बिंदू देण्याची रीत तीच.

नवी फाइल उघडताना ‘अकॅडआयएसओ’ टेम्प्लेट निवडा. नुसतं ‘अकॅड’ नावाचं जे टेम्प्लेट असतं ते इंची आहे. गंमत अशी की काढताना दोन्हीत काहीच फरक जाणवत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी २४० म्हणजे फक्त २४० युनिट. पण फाइलच्या पोटात युनिटची नोंद जाते. ती इंचाची असेल आणि कटिंगच्या सॉफ्टवेअरने ती प्रमाण मानली, तर प्लेट २५.४ पटीने वाढून ६०९६ मिमीची होते. ‘युनिट्स’ कमांड देऊन टाइप डेसिमल, प्रिसिजन दोन दशांश आणि खालच्या इन्सर्शन स्केलमध्ये मिलिमीटर हे एकदा बघून घ्या.

ऑब्जेक्ट स्नॅप म्हणजे टोक, मध्य, केंद्र असे बिंदू कर्सरला अचूक पकडायला लावणारी सोय. तो एफ३ ने चालू-बंद होतो. ‘ओएस’ टाइप करून त्याची यादी उघडा आणि एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, क्वाड्रंट, इंटरसेक्शन एवढंच चालू ठेवा. सगळ्या खुणा चालू ठेवायची सवय वाईट. विशेषतः ‘निअरेस्ट’ बंदच असू द्या: तो रेघेवरचा कुठलाही बिंदू पकडतो. तुम्हाला वाटतं टोक पकडलं, प्रत्यक्षात रेघ टोकापासून पाव मिलिमीटर अलीकडे अडकलेली असते.

लाइट न जाण्याचा भरवसा आपल्याकडे कुणी देत नाही, म्हणून ‘सेव्हटाइम’ कमांडने ऑटोसेव्हचं अंतर मुळात असलेल्या १० मिनिटांवरून ५ वर आणा. तरीही प्रत्येक टप्प्यानंतर कंट्रोल-एस दाबत चला.

बिंदू सांगायच्या तीन तऱ्हा

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी या एका जागी जन्माला येतात.

पहिली तऱ्हा थेट सहनिर्देशक: १२०,१२० म्हणजे शून्यबिंदूपासून उजवीकडे १२० आणि वर १२०. दुसरी सापेक्ष: @१८,० म्हणजे शेवटच्या बिंदूपासून उजवीकडे १८. तिसरी लांबी आणि कोन: @१००<४५ म्हणजे शेवटच्या बिंदूपासून १०० मिमी, ४५ अंशांत. कोनाचा शून्य उजवीकडे, आणि कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो.

आता गोम. कर्सरजवळ आकड्यांची चौकट दाखवणारं डायनॅमिक इनपुट एफ१२ ने चालू असेल, तर दुसऱ्या बिंदूपासून पुढे तुम्ही जे टाइप कराल ते सॉफ्टवेअर आपोआप सापेक्ष धरतं, @ लावा किंवा न लावा. समजा आपल्या प्लेटची उभी मध्यरेषा काढायची आहे. ‘एल’, एंटर, मग १२०,-१० आणि नंतर १२०,२५०. एफ१२ बंद असेल तर रेघ सरळ उभी येते. चालू असेल तर दुसरा बिंदू १२०+१२० आणि -१०+२५०, म्हणजे २४०,२४० वर जाऊन पडतो. तो नेमका प्लेटचा वरचा उजवा कोपरा! रेघ तिरपी झाली तरी कोपऱ्यात इतकी चपखल बसते की चूक कुठे झाली ते सापडायला वेळ लागतो.

उपाय दोन. एफ१२ कायमचं बंद ठेवा आणि @ स्वतः लावा, किंवा चालू ठेवून थेट सहनिर्देशकांच्या आधी # टाका: #१२०,२५०. आमचा कल पहिल्याकडे. काय टाइप केलं ते खालच्या कमांड ओळीत स्पष्ट दिसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या एफ१२ बंद आहे असं धरून दिल्या आहेत.

आडव्या-उभ्या रेघांसाठी एफ८ ने ऑर्थो चालू करा, माउस दिशेला न्या आणि नुसती लांबी टाइप करा. सगळ्यात जलद रीत हीच. फक्त तिरपी रेघ माउसने ओढायच्या वेळी ऑर्थो बंद करायचं विसरू नका.

चौकोन आणि त्याचे कोपरे

‘आरईसी’, एंटर, ०,०, एंटर, २४०,२४०, एंटर. ‘झेड’, एंटर, ‘ई’, एंटर केलं की अख्खी प्लेट स्क्रीनवर येते.

हाच चौकोन लाइन कमांडने चार रेघांतही निघतो, दिसतोही तसाच. पण रेक्टँगलने काढलेला चौकोन ही एकच बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली एकसंध रेघ) असते आणि लाइनने काढलेल्या चार सुट्ट्या रेघा. लाइननेच काढायचा असेल तर चौथी रेघ माउसने जुळवू नका. तीन रेघा झाल्यावर ‘सी’ दाबून बंद करा, म्हणजे ती अचूक पहिल्या बिंदूवर जाते.

कोपरे गोल करायला ‘एफ’, एंटर, ‘आर’, एंटर, १२, एंटर, मग ‘पी’, एंटर आणि चौकोनावर क्लिक. ‘एफ’ म्हणजे फिलेट, कोपरा गोल करणारी कमांड, आणि ‘पी’ म्हणजे पॉलिलाइन. एका क्लिकमध्ये चारही कोपरे होतात. रेक्टँगल कमांडच्या आतही फिलेटचा पर्याय आहे, पण तिथे टाकलेली त्रिज्या लक्षात ठेवली जाते आणि पुढचा प्रत्येक चौकोन न मागता गोल कोपऱ्यांचा येतो. तसं झालं तर रेक्टँगलमधला फिलेट परत ० करा.

फिलेटची त्रिज्या ० ठेवण्याचा वेगळाच उपयोग आहे. एकमेकींपर्यंत न पोचलेल्या किंवा ओलांडून गेलेल्या दोन रेघांवर शून्याचं फिलेट मारलं की टोकदार, अचूक कोपरा तयार होतो. ट्रिम (रेघ छाटणं) आणि एक्स्टेंड (रेघ वाढवणं) यांची खटपट वाचते.

वर्तुळं

मधलं भोक: ‘सी’, एंटर, १२०,१२०, एंटर, ‘डी’, एंटर, ६२, एंटर.

मधला ‘डी’ विसरू नका. वर्तुळाची कमांड मुळात त्रिज्या विचारते आणि ड्रॉइंगवर माप बहुतेक वेळा व्यासाचं असतं. ‘डी’ न देता १८ टाकलं की ३६ मिमीचं भोक पडतं, आणि एम१६ बोल्टचं डोकं त्यातून आरपार जातं. निम्मं करून टाकायची सवय असणारेही आहेत. ६२ ला ते चालतं, १७.५ आलं की घाईत घोटाळा होतो.

बोल्टची भोकं: ‘सी’, ३०,३०, ‘डी’, १८. पुढच्या तीन भोकांसाठी नुसतं एंटर दाबलं की कमांड परत येते. केंद्र द्या २१०,३० आणि पुन्हा एंटर, कारण आधीची त्रिज्या कमांड ओळीत कंसचिन्हांत तयार असते. तसंच २१०,२१० आणि ३०,२१०.

गोल फ्लँजवर सहा किंवा आठ भोकं असतील तर एक भोक पीसीडीवर (सगळ्या भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्यावर) काढा आणि ‘अॅरेपोलर’ने केंद्राभोवती फिरवा. एकूण संख्येत पहिलं भोकही धरायचं, म्हणजे सहा भोकांसाठी ६. असा अॅरे एकसंध वस्तू बनून राहतो. फाइल कटिंगला देण्याआधी त्याला ‘एक्स’ म्हणजे एक्स्प्लोड करून सुटी वर्तुळं करा.

झूम केल्यावर वर्तुळ कधीकधी कोपरे असल्यासारखं दिसतं. तो फक्त दाखवण्याचा दोष असतो. ‘आरई’ टाइप करून एंटर केलं की गोल होतं.

स्लॉट आणि कंस

केबलच्या स्लॉटची रुंदी १२ आणि एकूण लांबी ३०. म्हणजे दोन्ही टोकांना ६ त्रिज्येची अर्धवर्तुळं आणि मध्ये १८ मिमीच्या दोन सरळ रेघा. लांबीत चूक होते ती इथेच: सरळ रेघाच ३० च्या काढल्या की स्लॉट ४२ चा होतो.

पहिली रेघ १११,१८४ पासून @१८,०. दुसरी १११,१९६ पासून @१८,०. आता ‘एफ’, एंटर, आणि दोन्ही रेघांवर डाव्या टोकाजवळ क्लिक. रेघा समांतर असल्या की फिलेट त्रिज्या विचारात घेत नाही, दोघींमधलं अंतर बघून अर्धवर्तुळ बसवतं. उजवीकडे तेच. मग ‘जे’, एंटर, चारही तुकडे निवडून एंटर, म्हणजे एक बंद आकार तयार. दोन वर्तुळं काढून ट्रिम करण्यापेक्षा हे सोपं आणि बिनचूक.

कंसाची कमांड ‘ए’. तिच्यात पर्याय भरपूर आहेत, रोजच्या कामात दोनच लागतात: तीन बिंदूंतून जाणारा, आणि सुरुवात-शेवट-त्रिज्या. दुसऱ्यात कंस नेहमी सुरुवातीपासून शेवटाकडे घड्याळाच्या उलट दिशेने जातो. कंस नको त्या बाजूला फुगला तर दोन बिंदूंची अदलाबदल करा, किंवा नव्या आवृत्त्यांत कंट्रोल दाबून धरा. त्रिज्या उणे दिली की लहानाऐवजी मोठा कंस मिळतो. हे सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा बरेच जुने ड्राफ्ट्समन पूर्ण वर्तुळ काढतात आणि नको तेवढं ‘टीआर’ने छाटतात. त्यात गैर काही नाही. ट्रिममध्ये २०२१ च्या आवृत्तीपासून थेट नको असलेल्या तुकड्यावर क्लिक करायचं. त्याआधीच्या आवृत्त्यांत आधी कापणारी कड निवडून एंटर द्यावं लागतं, नाहीतर एंटर दोनदा.

षटकोन: आत की बाहेर

बोल्टचं डोकं प्लेटवर नीट बसतं का, पाना फिरायला जागा उरते का, हे बघायला भोकावर षटकोन काढू. आयएसओ मापाच्या एम१६ बोल्टला २४ नंबरचा पाना लागतो, म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर २४ मिमी.

‘पीओएल’, एंटर, ६, एंटर, केंद्र ३०,३०. मग प्रश्न येतो: इन्स्क्राइब्ड की सर्कमस्क्राइब्ड? ‘सी’ दाबा, त्रिज्या १२.

सर्कमस्क्राइब्डमध्ये कल्पित वर्तुळ षटकोनाच्या आत, बाजूंना टेकलेलं असतं. म्हणून १२ हे केंद्रापासून सपाट बाजूपर्यंतचं अंतर. ‘आय’ दाबून १२ दिलं असतं तर ते केंद्रापासून कोपऱ्यापर्यंतचं झालं असतं आणि सपाट बाजूंमध्ये फक्त २०.७८ मिमी उरले असते. डोळ्यांना दोन्ही षटकोन वेगळे काढता येत नाहीत, त्यामुळे काढल्यावर ‘डीआय’ने अंतर मोजाच. नियम सोपा: पान्याचं माप दिलं असेल तर ‘सी’, कोपरा ते कोपरा माप दिलं असेल तर ‘आय’. २४ च्या षटकोनाचं कोपरा ते कोपरा अंतर २७.७१ भरतं, म्हणजे केंद्रापासून जेमतेम १४. कड ३० वर आहे, जागा भरपूर.

त्रिकोण आणि लंबवर्तुळ, थोडक्यात

काटकोनी गसेट (जोडाच्या कोपऱ्याला आधार देणारी त्रिकोणी प्लेट) असेल तर ऑर्थो लावून दोन बाजू आणि ‘सी’ने तिसरी. ७५ आणि १०० च्या बाजूंवर तिरपी बाजू बरोबर १२५ आली पाहिजे. तिन्ही बाजू दिलेल्या असतील, समजा १३०, ११० आणि ८०, तर १३० ची रेघ काढा, एका टोकाला ११० त्रिज्येचं आणि दुसऱ्या टोकाला ८० त्रिज्येचं वर्तुळ काढा. वर्तुळं छेदतात तिथे तिसरा कोपरा. मग वर्तुळं पुसून टाका.

लंबवर्तुळाची कमांड ‘ईएल’. पाइप प्लेटमधून तिरपा न्यायचा असला की ते लागतं. ६०.३ चा पाइप ४५ अंशांत गेला तर भोकाचा लहान अक्ष ६०.३ आणि मोठा ८५.२८, मोकळीक दोन्हीत यावर आणखी धरायची. कमांड अक्षाची दोन टोकं विचारते आणि मग दुसऱ्या अक्षाची निम्मी लांबी. पहिला पूर्ण, दुसरा निम्मा, इथे लोक हमखास फसतात. लंबवर्तुळाला ऑफसेट (ठरावीक अंतरावरची समांतर प्रत) दिलं की लंबवर्तुळ मिळत नाही, स्प्लाइन म्हणजे मुक्त वक्ररेषा मिळते. म्हणून बाहेरचं वेगळं काढा.

कटिंगला देण्याआधी

सुरुवात ‘ओव्हरकिल’ने करा. सगळं निवडून ही कमांड दिली की एकावर एक पडलेल्या रेघा निघून जातात. कॉपी करताना चुकून शून्य अंतरावर कॉपी झाली तर डोळ्यांना एकच रेघ दिसते, पण लेझर त्याच वाटेने दोनदा जातो आणि कड जळते.

मग बंदपणा. बाहेरच्या कडेवर क्लिक करून ‘एलआय’ द्या. माहितीत पॉलिलाइनचं क्षेत्रफळ आणि परिमिती येते. आपल्या प्लेटला गोल कोपऱ्यांसह क्षेत्रफळ ५७४७६.३९ आणि परिमिती ९३९.४० आली पाहिजे. ‘क्लोज्ड’ऐवजी ‘ओपन’ दिसलं तर कुठेतरी फट आहे. ०.०२ मिमीची फट पूर्ण झूम करूनही सहज दिसत नाही, पण कटिंगच्या सॉफ्टवेअरला आकाराची आतली आणि बाहेरची बाजू कळेनाशी होते. ‘पीई’, एंटर, ‘एम’ने सगळे तुकडे निवडा, ‘जे’ने जोडा आणि फझ डिस्टन्स, म्हणजे किती फट भरून काढायची ते अंतर, ०.०५ द्या.

आणखी एक पक्की तपासणी आहे. ‘आरईजी’ने बाहेरची कड, पाच वर्तुळं आणि स्लॉट यांचे रीजन, म्हणजे क्षेत्रफळ असलेले भरीव सपाट आकार, बनवा (सात रीजन व्हायला हवेत, कमी झाले तर काहीतरी उघडं आहे), ‘एसयू’ने कडेतून बाकीचे सहा वजा करा आणि ‘मासप्रॉप’ द्या. क्षेत्रफळ ५३११०.३५ चौरस मिमी. त्याला १० मिमी जाडी आणि लोखंडाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेमी लावली की वजन सुमारे ४.१७ किलो. भाव किलोवर ठरत असेल तर हा आकडा तिथेही कामाला येतो. हे करून झालं की अनडू करून मूळ आकार परत आणा.

मापं टाकताना एक गोष्ट कधीच करू नका: माप २३९.८ दाखवत असेल तर त्यावर डबलक्लिक करून २४० लिहिणं. कागद सुधारतो, प्लेट २३९.८ चीच कापली जाते.

मध्यरेषा, मापं, षटकोन आणि मजकूर वेगळ्या लेयरवर (ड्रॉइंगच्या वेगळ्या थरावर) टाका. कटिंगच्या फाइलमध्ये फक्त कापायच्या रेघा राहू द्या, नाहीतर मध्यरेषेवरूनही लेझर फिरेल. ‘सेव्ह अॅज’ करून डीएक्सएफ (इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणारा फाइलचा प्रकार) निवडा, आवृत्ती २०००. मशीन फारच जुनं असेल तर आर१२. आर१२ मध्ये लंबवर्तुळ आणि स्प्लाइन टिकत नाहीत, त्यांचे छोटे छोटे तुकडे होतात, म्हणून ती मागितल्याशिवाय देऊ नका. सेव्ह झालेली डीएक्सएफ बंद करून परत उघडा आणि डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकदा ‘डीआय’ लावा: २४०.

फाइलच्या नावात जाडी, माल आणि नग लिहा, जसं ‘बोअरप्लेट-१०मिमी-एमएस-४नग’ (एमएस म्हणजे माइल्ड स्टील). फाइलचं नावही इंग्रजी अक्षरांतच ठेवा. काही जुन्या मशीनना देवनागरी नाव वाचता येत नाही. सोबत मापं टाकलेली पीडीएफ जोडा, म्हणजे कटिंगवाला पहिला नग निघाल्यावर व्हर्नियर लावून ६२ आणि १८ ताडून बघू शकतो.